घ्यायला कोण येणार? ब्रिटिश कौन्सिलची नव्वद वर्षे

गावाकडून मूल पहिल्यांदा मुंबई-पुण्याला शिकायला निघाले की घरातली थोरली माणसे आधी एकच प्रश्न विचारतात : "तिकडे घ्यायला कोण येणार आहे?" फी किती, खोली कुठे, जेवणाचे काय, या गोष्टी त्यानंतर. परक्या ठिकाणी उतरल्यावर आपले नाव घेऊन हाक मारणारे कोणी असले, तर अर्धी भीती तिथेच संपते, हे त्या माणसांना अनुभवाने ठाऊक असते.

या स्मरणिकेसाठी ब्रिटिश कौन्सिलचा इतिहास लिहायला घेतला आणि हा प्रश्न मनातून जाईना. पुण्यात आपण या संस्थेला तिच्या नावाने फारसे ओळखतच नव्हतो. आपल्या लेखी ती फर्ग्युसन रस्त्यावरची 'ब्रिटिश लायब्ररी'. विलायतेची वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचत दुपार काढायची, तिथल्या विद्यापीठांची माहितीपत्रके उलटायची, एखादा पत्ता वहीत उतरवून घ्यायचा. त्या माहितीपत्रकांमागे एक मोठी यंत्रणा होती, आणि तिने परक्या विद्यार्थ्याला 'घ्यायला जाण्याचे' काम अनेक दशके केले होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत होते. तो इतिहास इथे मांडतो आहे. त्याला जोडूनच दुसरा इतिहासही येतो : जी संस्था जगाला 'या' म्हणते, ती स्वतःच्या कचेरीत कोणाला बसवते?

स्थापना आणि लॉर्ड लॉइड

संस्थेचा जन्म १९३४ चा. जागतिक मंदीने युरोप खचला होता, इटलीत आणि जर्मनीत हुकूमशहा सत्तेवर आले होते, आणि ही राष्ट्रे आपापल्या भाषेचा आणि विचारांचा प्रचार पद्धतशीरपणे करत होती. ब्रिटनने मागे राहू नये, असा आग्रह परराष्ट्र खात्यातील रेक्स लीपर या अधिकाऱ्याने धरला. सुरुवातीचे नाव लांबलचक होते, 'ब्रिटिश कमिटी फॉर रिलेशन्स विथ अदर कंट्रीज'. १९३६ पासून 'ब्रिटिश कौन्सिल' हे सुटसुटीत नाव रूढ झाले. १९३८ मध्ये कैरो, बुखारेस्ट, लिस्बन या शहरांत कचेऱ्या उघडल्या. १९४० मध्ये राजसनद मिळाली आणि संस्था कायमची झाली.

तिला उभे केले ते लॉर्ड जॉर्ज लॉइड यांनी. ते १९३७ पासून १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यक्ष होते. हे नाव महाराष्ट्राला अनोळखी नाही. १९१८ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. भोरजवळचे भाटघरचे धरण त्यांच्याच नावाने 'लॉइड धरण' म्हणून ओळखले जाई. त्यांच्याच कारकिर्दीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला आणि मार्च १९२२ मध्ये महात्मा गांधींना अटक झाली. पुढे भारताला स्वराज्य देण्याला ज्यांनी कडवा विरोध केला, त्या ब्रिटिश राजकारण्यांत लॉइड आघाडीवर होते.

हे सांगणे आवश्यक आहे. सांस्कृतिक संबंधांची ही संस्था बरोबरीच्या भावनेतून जन्मली नाही. ब्रिटनचे वजन जगात टिकावे, हा तिचा हेतू होता आणि तो कोणी लपवलाही नाही. बरोबरी म्हणजे काय, हे ती पुढे शिकली, आणि ज्यांना मदत करायला ती गेली त्यांच्याकडूनच शिकली.

निर्वासितांची शाळा

पहिला धडा युद्धाने दिला. १९३९ नंतर पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, फ्रान्स, नॉर्वे अशा देशांतून सैनिक आणि निर्वासित ब्रिटनमध्ये येऊ लागले. परदेशात काम करण्यासाठी निघालेल्या संस्थेला परदेशच दारात येऊन उभा राहिलेला दिसला. मग कौन्सिलने ब्रिटनमध्येच एक विभाग उघडला. या लोकांसाठी इंग्रजीचे वर्ग सुरू झाले. त्या त्या देशाच्या लोकांना एकत्र जमता यावे, आपली भाषा बोलता यावी, आपले सण करता यावेत म्हणून जागा मिळवून दिल्या.

या विभागाची सूत्रे नॅन्सी पार्किन्सन यांच्या हाती होती. सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांत वरच्या खुर्च्या पुरुषांच्याच, असे ते दिवस. अशा काळात एका बाईने हजारो परक्या माणसांची व्यवस्था लावून दाखवली. तिला भाषणांपेक्षा अंथरूण-पांघरूण, शिधा आणि इंग्रजी शिक्षक यांचीच काळजी जास्त वाहावी लागली. युद्ध संपले तरी ही कामाची पद्धत मोडली नाही. परक्या विद्यार्थ्यांसाठी तीच उपयोगी पडली.

बंदरावर

१ जानेवारी १९५० पासून ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची देखभाल वसाहत खात्याकडून कौन्सिलकडे आली. नायजेरिया, गोल्ड कोस्ट, केनिया, मलाया, जमैका इथली मुले बोटीने यायची. लिव्हरपूल, साउदॅम्प्टन, टिलबरी या बंदरांवर, लंडनच्या रेल्वे स्थानकांवर आणि पुढे विमानतळांवर कौन्सिलची माणसे हातात नावांची यादी घेऊन उभी असत. सामान उतरवून घेणे, योग्य गाडीत बसवून देणे, पहिल्या काही रात्रींची सोय वसतिगृहात करणे आणि त्यानंतर भाड्याची खोली शोधून देणे, असे हे काम होते. नवख्यांसाठी माहितीचे वर्ग भरत. 'हाऊ टू लिव्ह इन ब्रिटन' नावाची एक पुस्तिकाही काढली. निवास, हवामान, कपडे, खर्च, रीतिभाती यांची माहिती देणारी ही पुस्तिका पुढे अनेकदा सुधारून छापली गेली.

यातले सर्वांत अवघड काम खोलीचे होते. पत्रावर खोली पक्की झालेली असायची. विद्यार्थी बॅग घेऊन दाराशी पोहोचायचा. घरमालकीण दार उघडायची, त्याचा चेहरा बघायची आणि खोली आत्ताच गेली म्हणून सांगायची. काही घरांच्या खिडकीत तर काळ्या माणसांनी चौकशी करू नये, अशी पाटीच लावलेली असे. कौन्सिलच्या निवास विभागात परक्यांना ठेवून घेणाऱ्या घरांची यादी होती, आणि त्या यादीतली कोणती घरे कोणत्या वर्णाच्या माणसाला ठेवून घेतात, याचीही नोंद ठेवावी लागत होती. यादी ठेवणे म्हणजे त्या भेदाशी जुळवून घेणे होते. यादी न ठेवली तर थंडीतल्या रात्री मुलगा रस्त्यावर उभा राहायचा. दोन्ही बाजूंनी टोचणारे हे काम कचेरीतल्या साध्या कारकुनांनी रोज केले.

सरकारचा हेतूही शुद्ध परोपकाराचा नव्हता. वसाहतीतून आलेला विद्यार्थी अपमान गिळून परत गेला तर उद्या तो आपला शत्रू होईल, किंवा कम्युनिस्ट होईल, ही धास्ती त्यामागे होती. ती खरीही होती, कारण त्या विद्यार्थ्यांतूनच नव्या राष्ट्रांचे नेते उभे राहत होते. पण हेतू काहीही असो, फलाटावर नाव पुकारणारा माणूस त्या मुलाच्या आठवणीत कायम राहिला. आणि कौन्सिलला कळले ते असे की नुसती शिष्यवृत्तीची रक्कम देऊन शिक्षण होत नाही. राहायला खोली, आजारपणात डॉक्टर, सुट्टीत जेवायला बोलावणारे एखादे कुटुंब, हे सारे मिळाले तरच शिक्षण होते. १९६१ पासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे वाढवण्याचा खास कार्यक्रम हाती घेतला गेला, तो याच अनुभवातून.

आपल्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेली उसनवारी यांवर ते १९२० मध्ये पुन्हा गेले, तेव्हा ते शिक्षण पुरे झाले. बुद्धी तीच, विद्यापीठ तेच. मध्ये फक्त आधाराची साखळी तुटली होती.

भारतात

भारतात कौन्सिलचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता या चार शहरांत मुख्य कचेऱ्या, आणि पुण्यासारख्या शहरांत ग्रंथालये. १९५४ च्या ड्रॉइडा समितीच्या अहवालाने कौन्सिलने युरोपपेक्षा आशिया आणि आफ्रिकेकडे जास्त लक्ष द्यावे असे सुचवले, त्याचा फायदा भारताला झाला. हैदराबादला १९५८ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांसाठी मध्यवर्ती संस्था उभी राहिली, तिला कौन्सिलचा हातभार होता. १९५९ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत राष्ट्रकुल शिष्यवृत्ती योजना ठरली आणि भारतातले प्राध्यापक, डॉक्टर, अभियंते तिच्या आधारे जाऊ लागले. तिथे त्यांच्या देखभालीत कौन्सिलचा वाटा होता.

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरची इमारत ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिची दर्शनी भिंत विसरता येणार नाही. पांढऱ्या मकराना संगमरवरात काळ्या कडप्पा दगडाने केलेले हे भव्य भित्तिचित्र आहे. एका प्रचंड वडाची सावली भिंतभर पसरलेली दिसते. चित्र हॉवर्ड हॉजकिन या ब्रिटिश चित्रकाराचे, आणि १९९२ मध्ये पूर्ण झालेली इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. मूळचे गोव्याच्या घराण्यातले आणि मुंबईत राहून काम केलेले कोरिया आपल्याला नवी मुंबईच्या आखणीमुळे आणि पणजीच्या कला अकादमीमुळे परिचयाचे आहेत. आत शिरल्यावर मागच्या टोकापासून रस्त्याकडे येताना त्यांनी तीन खुणा ठेवल्या : हिंदू परंपरेतला बिंदू, इस्लामी परंपरेतला चारबाग आणि युरोपीय प्रबोधनाची खूण. तिन्ही एका रेषेत आहेत. भारतीयाच्या हातून उभी राहिलेली ही इमारत लॉइड यांच्या संस्थेने स्वीकारली. साठ वर्षांत संस्था किती बदलली, हे ती भिंतच सांगते.

फी वाढली तेव्हा

१९७९ मध्ये ब्रिटनमधल्या नव्या सरकारने ठरवले की परदेशी विद्यार्थ्यांनी शिक्षणाचा पूर्ण खर्च स्वतः द्यावा. १९८० पासून ही फी लागू झाली. गरीब देशांतून येणारे विद्यार्थी गळू लागले. मलेशियाने तर संतापाने ब्रिटिश माल शेवटच्या पसंतीचा ठरवला. शेवटी १९८३ मध्ये परराष्ट्र मंत्री फ्रान्सिस पिम यांनी तीन वर्षांसाठी ४ कोटी ६० लाख पौंडांची योजना जाहीर केली. त्याच वर्षी परराष्ट्र खात्याच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९९४ पासून त्यांना 'चीव्हनिंग' म्हणतात. कितीतरी वर्षे त्यांची छाननी, मुलाखती आणि पाठवणी कौन्सिलच्या कचेऱ्यांतून होत असे.

याच सुमारास कौन्सिलच्या कामाचे रूपही पालटले. १९८४ मध्ये विद्यापीठांबरोबर मिळून परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिक्षण सल्ला सेवा सुरू झाली. १९८९ मध्ये केंब्रिज आणि ऑस्ट्रेलियाच्या आयडीपी या संस्थेबरोबर आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आली. तालुक्याच्या गावातली मुलगी पहिल्यांदा परीक्षकासमोर बसते, तिच्या हातात विषयाचे कार्ड देतात, तयारीला एक मिनिट मिळते आणि पुढे दोन मिनिटांपर्यंत तिने न थांबता बोलायचे असते. तिच्या आयुष्यातली ती फार मोठी दोन मिनिटे. आता सल्ला, परीक्षा, वर्ग यांतून संस्थेला पैसा मिळू लागला, आणि सरकारी अनुदानाचा वाटा हळूहळू लहान होत गेला. मदत करणारी संस्था आणि सेवा विकणारी संस्था या दोन भूमिका एकाच छताखाली आल्या. तिथून पुढचा तिचा सगळा ताण या दुहेरीपणातला आहे.

कचेरीतली माणसे

आता दुसऱ्या इतिहासाकडे येतो. बंदरावर माणसे उभी करणाऱ्या संस्थेच्या वरच्या खुर्च्यांवर फार काळ एकाच साच्याची माणसे होती : ब्रिटिश, गोरी, पुरुष, ठरावीक विद्यापीठांतली. पहिली महिला अध्यक्ष यायला १९९८ साल उजाडावे लागले. वकिली क्षेत्रातल्या हेलेना केनेडी या त्या अध्यक्ष. परदेशातल्या कचेऱ्यांत बहुसंख्य कर्मचारी त्या त्या देशाचे असत, पण निर्णय घेणारे बहुतेक ब्रिटनहून आलेले असत. ग्रंथालयातले काउंटर, परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीच्या फायली, विद्यार्थ्यांचे फोन, हे सारे सांभाळणारी माणसे आपल्याच गावची होती.

बदलाला कायद्याची साथ मिळाली. ब्रिटनमध्ये १९७५ मध्ये लिंगभेदाविरुद्ध, १९७६ मध्ये वंशभेदाविरुद्ध आणि १९९५ मध्ये अपंगांबाबतच्या भेदभावाविरुद्ध कायदे झाले. १९९८ च्या उत्तर आयर्लंड कायद्याच्या कलम ७५ ने सार्वजनिक संस्थांवर समान संधीची जबाबदारी घातली. २०१० चा समता कायदा नऊ बाबींवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी करतो. कौन्सिलने या कायद्यांचे पालन तर केलेच, शिवाय विविधतेसाठी स्वतंत्र विभाग केला. फिओना बार्टल्स-एलिस यांनी त्याचे नेतृत्व दीर्घकाळ केले. जगभरच्या कचेऱ्यांनी आपले काम एकाच मोजपट्टीवर तपासावे, अशी पद्धत घातली. अपंग उमेदवार आवश्यक अटी पूर्ण करत असेल तर त्याला मुलाखतीला बोलावलेच पाहिजे, असा नियम केला.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी रीत. नवे धोरण किंवा नवा कार्यक्रम ठरला की तो सुरू होण्याआधी वेगवेगळ्या विभागांतली माणसे एकत्र बसतात आणि विचारतात : यातून कोण बाहेर राहील? परीक्षेची तारीख एखाद्या सणाच्या दिवशी येते का? केंद्र दुसऱ्या मजल्यावर असेल तर चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा वर कसा जाणार? तान्ह्या बाळाची आई तीन तास कशी बसेल? आयईएलटीएसमध्ये ब्रेल आणि मोठ्या अक्षरांतल्या प्रश्नपत्रिका, जादा वेळ, बाळाला पाजण्यासाठी मध्यंतर, या सोयी याच विचारातून येतात. हा प्रश्न पुरुषांनीच भरलेल्या टेबलावर सुचत नाही. ज्याला तो अडसर भोगावा लागला आहे, असे कोणीतरी त्या टेबलाशी बसलेले लागते. कामाच्या ठिकाणची विविधता हवी ती एवढ्यासाठी.

आपल्या दृष्टीने एक उणीव मात्र राहते. ब्रिटनच्या समता कायद्यातल्या नऊ बाबींमध्ये 'जात' हा शब्द नाही. २०१३ मध्ये तो घालण्याची तरतूद संसदेने केली, पण २०१८ मध्ये सरकारने न्यायालयांच्या निर्णयांवर भिस्त ठेवून तो विषय बाजूला सारला. भारतात काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेने मात्र जात विचारातच घेतली पाहिजे. शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला आणि वस्तीतून आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलीला एकच अर्ज दिला म्हणजे समान संधी झाली, असे आपण तरी म्हणू शकत नाही.

अलीकडची वर्षे

२०१८ मध्ये भारतातल्या कामाची सत्तर वर्षे कौन्सिलने विज्ञान-तंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या भारतीय मुलींना शिष्यवृत्त्या देऊन साजरी केली. पुढे विज्ञान शिकणाऱ्या स्त्रियांसाठी निघालेल्या व्यापक योजनेत फी, राहण्याचा खर्च, प्रवास आणि व्हिसा तर आहेच, शिवाय लहान मुले असलेल्या आयांसाठी खास मदत आहे. आई असलेली बाई परदेशी शिकू शकते, हे एखाद्या योजनेच्या कागदावर छापून येणे ही लहान गोष्ट नाही. १९५० च्या बंदरावरची समजूत आणि कचेरीतल्या टेबलावरचा प्रश्न या एका ओळीत एकत्र आले.

पण याच वर्षांनी संस्थेला जबर धक्काही दिला. कोविडमध्ये वर्ग आणि परीक्षा बंद पडल्या आणि उत्पन्न आटले. सरकारकडून कर्ज घ्यावे लागले. काही देशांतल्या कचेऱ्या बंद झाल्या. २०२१ मध्ये भारतातला आयईएलटीएसचा व्यवसाय १३ कोटी पौंडांना आयडीपीला विकला गेला. त्याच वर्षी काबूल तालिबानच्या हाती गेले, आणि कौन्सिलसाठी इंग्रजी शिकवणारे अनेक अफगाण शिक्षक मागे अडकले. त्यांना बाहेर काढायला फार उशीर झाला, अशी टीका ब्रिटनच्या संसदेतही झाली. इराणमध्ये कौन्सिलच्या एका इराणी कर्मचारी महिलेला हेरगिरीच्या आरोपाखाली दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि काही वर्षे तुरुंगात काढल्यावर ती सुटली. संस्थेच्या नावाचा खरा धोका स्थानिक माणसाच्या वाट्याला येतो. विविधतेचा हिशेब नेमणुकीच्या वेळी मांडून भागत नाही. संकटात कोणाला हात दिला, इथेच तो तपासला जातो.

नव्वद वर्षांचा हा हिशेब मांडल्यावर माझे मत असे : ब्रिटिश कौन्सिल ज्या ज्या वेळी आपल्या देशाचा मोठेपणा सांगायला गेली, त्या त्या वेळी ती सामान्य संस्था होती. ज्या वेळी ती यादी हातात घेऊन फलाटावर उभी राहिली, त्या वेळी ती मोठी होती. आणि त्या फलाटावर कोण उभे आहे, कोणत्या वर्णाचे, कोणत्या भाषेचे, बाई की पुरुष, यावर उतरणाऱ्या मुलाचा धीर ठरतो, हे तिला उशिरा का होईना, समजले.

या स्मरणिकेच्या वाचकांत परदेशी शिकून आलेले अनेक जण आहेत. त्यांना कोणीतरी, कधीतरी, कुठेतरी घ्यायला आले होते. त्यांना माझी विनंती आहे. आपल्या गावातली, आपल्या नात्यागोत्याच्या आणि जातीपातीच्या बाहेरची, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली एक मुलगी शोधा. यंदा तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज तिच्या शेजारी बसून वाचा, चुका दाखवा, मुलाखतीची तयारी करून घ्या. आणि ती निघेल त्या दिवशी, तिकडच्या आपल्या ओळखीच्या माणसाला फोन करून सांगा, की हिला घ्यायला जा.